घरचे चॉकलेट : साखर किती, फळ कुठे

वाढदिवसाला औक्षण झाले, की आता केक कापल्याशिवाय मुलांचे समाधान होत नाही. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव ही मोठी गावे सोडाच, आठवडी बाजाराच्या गावातही चॉकलेटचा केक मिळू लागला आहे. २०२० साली टाळेबंदीत बेकऱ्या बंद झाल्या, तेव्हा अनेक घरांत कुकरमध्ये केक करून पाहिला गेला. पुढे बेकऱ्या उघडल्या, पण सवय टिकली. केकच्या मागोमाग चॉकलेटच्या वड्या, सुकामेवा घातलेले लाडू, फळे बुडवून केलेले तुकडे असे प्रकारही घरात होऊ लागले. हौस चांगली आहे. मुले त्यात आनंदाने हात घालतात, आणि काय घातले ते डोळ्यांसमोर असते.

मात्र या हौसेबरोबर एक समजही घरात शिरला आहे. ‘घरचे आहे ना, मग खाऊ द्या पोटभर!’ मुलाला तिसरा तुकडा देताना आई असे म्हणते, आणि ‘गुळाचा आहे, काही होत नाही’ असे म्हणून मधुमेही आजोबांच्या बशीतही तुकडा पडतो. वाचकहो, हा समज अर्धाच खरा आहे. घरी करण्याचा खरा फायदा एवढाच, की साखर, स्निग्ध पदार्थ आणि तुकड्याचा आकार या तीन गोष्टी आपल्या हाती येतात. हाती आलेला हा अधिकार वापरला, तर घरचे चॉकलेट बाजारच्यापेक्षा निश्चित चांगले. तो वापरला नाही, तर दोन्ही सारखेच. हा अधिकार कसा वापरावा आणि आपल्या भागातील फळांची त्यात कशी मदत घ्यावी, ते या लेखात पाहू.

चॉकलेट म्हणजे नेमके काय?

कोको हे उष्ण व दमट हवेतील झाड. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील ऍमेझॉन नदीच्या खोऱ्यातले. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडू या राज्यांत त्याची लागवड होते. फळातील बिया आंबवून, वाळवून व भाजून दळल्या, की कडू आणि तेलकट असा लगदा तयार होतो. या लगद्यातील स्निग्धांश दाबून वेगळा काढण्याची युक्ती नेदरलँड्समध्ये १८२८ साली निघाली. त्यातून एकीकडे कोको पावडर आणि दुसरीकडे कोकोचे लोणी मिळू लागले. पुढे १८४७ मध्ये इंग्लंडमधील फ्राय कंपनीने कोको, साखर व कोकोचे लोणी एकत्र करून खाण्याची वडी बनविली. तोपर्यंत चॉकलेट हे मुख्यतः पिण्याचेच पेय होते.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोको स्वतः गोड नाही, तो कडू आहे. आपण ज्याला चॉकलेटची गोडी म्हणतो, ती सगळी साखरेची. म्हणून चॉकलेटचे गुण सांगणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की ते कोकोबद्दल बोलत आहेत की साखरेबद्दल.

पाकिटावरची बारीक अक्षरे

किराणा दुकानात आणि केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानात तीन वस्तू शेजारी शेजारी असतात आणि खरेदीत त्यांची गल्लत होते.

पहिली वस्तू म्हणजे कोको पावडर. हिच्यात साखर नसते. चव कडू लागते. घरच्या पदार्थांसाठी हीच घ्यावी.

दुसरी म्हणजे दुधात घालण्याची ड्रिंकिंग चॉकलेट पावडर. हिच्यात बहुतेक भाग साखरेचा असतो. कोको म्हणून हीच वापरली आणि वर कृतीप्रमाणे साखरही घातली, तर केकमध्ये साखर दोनदा पडते.

तिसरी म्हणजे ‘कंपाउंड’ नावाने मिळणारी चॉकलेटची लादी. ही स्वस्त असते, लवकर वितळते आणि साच्यात छान बसते, म्हणून घरगुती चॉकलेटसाठी तीच सर्रास वापरली जाते. हिच्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरे वनस्पतिजन्य घट्ट तेल असते. पाम जातीच्या फळाच्या गरापासून किंवा बियांपासून काढलेल्या अशा तेलात संपृक्त स्निग्धांश जास्त असतो. त्याचे नित्य सेवन हृदयाच्या दृष्टीने हिताचे नाही.

पाकिटावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी, असा नियम आहे. म्हणजे जे नाव पहिले, ते सर्वांत जास्त. पहिले नाव साखरेचे आणि दुसरे वनस्पती तेलाचे असेल, तर आपण चॉकलेट घेत नसून साखर आणि तेल घेत आहोत, हे उघड आहे. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स स्निग्धांशावर सरकारने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ही समाधानाची गोष्ट. तरीही केकमध्ये डालडा घालण्याचे कारण उरलेले नाही. घरातले शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल पुरते. शेंगदाणा तेलाचा वास उग्र वाटत असेल, तर कोकोच्या वासात तो बराचसा लपतो.

साखरेचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेविषयी सूचना केली. वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस या सगळ्यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत ठेवावी. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसासाठी दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम, तर पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. चहाच्या चमच्यात मोजले तर दहा चमचे आणि पाच चमचे. लहान मुलाचा आहार कमी, म्हणून त्याची मर्यादाही त्या मानाने कमी.

आता आपल्या घरातला दिवस आठवावा. सकाळचा चहा, दुपारचा चहा, बिस्किटे, कोणी आले म्हणून पुन्हा चहा. चार कप चहात प्रत्येकी दोन चमचे धरले, तरी आठ चमचे साखर केकच्या आधीच पोटात गेली. म्हणून केकमधील साखर हा वेगळा विचार करण्याचा विषय नाही. ती दिवसाच्या हिशेबात धरावीच लागते.

केकच्या नेहमीच्या कृतीत मैद्याच्या वजनाइतकी साखर सांगितलेली असते. १२० ग्रॅम मैदा असेल तर १२० ग्रॅम साखर. त्याचे बारा तुकडे केले तर दर तुकड्यात दोन चमचे साखर येते. वर साखर आणि लोण्याचा थर दिला, तर हा आकडा सहज वाढतो. सहा तुकडे केले तर दुप्पट होतो. थर नसलेला केक करणे आणि तुकडा लहान कापणे, हे दोनच उपाय केले तरी निम्मे काम होते.

‘गुळाचा आहे’ म्हणून?

आपला जिल्हा उसाचा आणि ऊसतोड कामगारांचा. गुळाचे आपल्याला प्रेम असणारच. गुळाला स्वतःची चव आहे, रंग आहे, त्यात थोडी खनिजे आहेत. परंतु गुळाचा मोठा भाग साखरच असतो आणि ऊर्जाही जवळपास साखरेइतकीच मिळते. रक्तातील साखर गुळानेही वाढते. म्हणून मधुमेही व्यक्तीला ‘साखरेचा नको, गुळाचा घ्या’ असा आग्रह करणे म्हणजे तिला फसविणे आहे. मधाचेही तसेच. शिवाय एक वर्षाच्या आतील बाळाला मध कोणत्याही पदार्थातून देऊ नये. मधात क्वचित असणाऱ्या जिवाणूंच्या बीजांमुळे त्या वयात गंभीर आजार होऊ शकतो.

फळाचे काम साखर हटविण्याचे

चॉकलेटमध्ये फळ घातले की पदार्थ पौष्टिक झाला, असे मानले जाते. येथे पाहायचे ते एवढेच, की फळ साखरेच्या जागी घातले की साखरेच्या वर घातले. पूर्ण साखर घालून वर दोन केळी कुस्करली, तर गोड वाढले एवढेच. दोन केळी घालून साखर निम्मी केली, तर फळाने आपले काम केले.

प्रत्येक फळाची जागा मात्र वेगळी आहे.

केळी : सालीवर काळे ठिपके आलेली, चांगली पिकलेली केळी केकसाठी उत्तम. ती गोडवा देतात, ओलावा धरून ठेवतात आणि अंड्याशिवाय केक बांधला जातो. कोको आणि केळे यांची चव चांगली जुळते.

खजूर : बी काढून, गरम दुधात अर्धा तास भिजवून वाटला तर साखरेची गरज फारच थोडी उरते. परंतु खजूर दातांना चिकटतो. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरावी.

मोसंबी व संत्रे : मराठवाड्याची मोसंबी प्रसिद्धच आहे. तिचा रस केकमध्ये घालण्यापेक्षा साल वापरावी. फळ कोमट पाण्याने चोळून धुवावे, कारण सालीवर फवारणीचे अंश असू शकतात. मग बारीक किसणीवर फक्त वरचा रंगीत पापुद्रा किसावा. आतला पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नये. अर्धा चमचा किसाने संपूर्ण केकला सुगंध येतो, साखर मात्र काडीचीही वाढत नाही.

डाळिंब व स्ट्रॉबेरी : ही फळे भाजण्याची नव्हेत. केक थंड झाल्यावर वरून घालावीत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी हिवाळ्यात आपल्याकडेही येतात. त्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायच्या असतील, तर धुऊन स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरड्या कराव्यात. चॉकलेट वितळताना त्यात पाण्याचे दोन थेंब जरी पडले, तरी ते दाणेदार होऊन आळून बसते. म्हणून चॉकलेट थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यावर कोरडे भांडे ठेवून वितळावे.

ताजे फळ घातलेला पदार्थ त्याच दिवशी किंवा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावा. फळातील ओलाव्यामुळे बुरशी लवकर धरते. सुकविलेली अंजिरे, मनुका, खजूर घातलेले पदार्थ अधिक टिकतात.

वेलदोडा, दालचिनी, सुंठ, जायफळ यांचाही उपयोग साखर कमी करण्यासाठी करता येतो. चिमूटभर मीठ आणि थोडी दालचिनी घातली, की कमी गोड केकही फिका वाटत नाही. मुलांच्या जिभेला एकदम बदल रुचत नाही. म्हणून दर वेळी एक मोठा चमचा साखर कमी करीत जावे. चार-पाच वेळांत नवी चव अंगवळणी पडते.

सीताफळ : तापवू नये, बी वाटू नये

बीड जिल्ह्यात चॉकलेट आणि फळ असा विषय निघाला, की सीताफळाची आठवण होणारच. बालाघाटच्या डोंगरउतारावर, धारूर-अंबाजोगाईच्या माळरानावर ही झाडे आपोआप वाढलेली आहेत. अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शंभर ग्रॅम गरात शंभराच्या आसपास कॅलरी असतात, शिवाय ‘क’ जीवनसत्त्व आणि तंतुमय भागही मिळतो. फळ मुळातच इतके गोड, की वर साखर लागत नाही.

पण सीताफळाच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, सीताफळाचा गर तापविला की कडवट होतो. आपल्याकडे सीताफळाची बासुंदी करताना दूध आटवून थंड झाल्यावरच गर घालतात, त्याचे कारण हेच. म्हणून केकच्या पिठात गर मिसळून भाजू नये. केक वाया जाईल आणि महागाचे फळही. त्याऐवजी दही फडक्यात बांधून चक्का करावा, त्यात तेवढाच गर हाताने मिसळावा आणि पूर्ण थंड झालेल्या केकवर हा थर द्यावा. साखर व लोण्याच्या थरापेक्षा हा कितीतरी सरस. तो त्याच दिवशी संपवावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सीताफळाच्या बिया विषारी असतात. अख्खी बी चुकून गिळली गेली, तर टणक कवचामुळे ती सहसा तशीच बाहेर पडते. धोका आहे तो बी फुटण्यात. वेळ वाचावा म्हणून काही जण बियांसकट पाकळ्या मिक्सरमध्ये फिरवितात आणि मग गाळतात. असे कधीही करू नये. गर स्टीलच्या चाळणीवर टाकून हाताने किंवा लाकडी चमच्याने हलके घोळावा. बिया वर राहतात आणि गर खाली येतो.

याच ठिकाणी आणखी एक सांगणे आवश्यक आहे. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर औषध म्हणून केसांना लावण्याची जुनी रीत खेड्यापाड्यांत आहे. ही पूड डोळ्यांत गेली, तर बुबुळावरील पारदर्शक पडद्याला जखम होते, असह्य आग होते आणि डोळा लाल होऊन सुजतो. असे झाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि विलंब न लावता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. केकसाठी काढलेल्या बिया मुलांच्या हाती लागणार नाहीत, अशा टाकाव्यात.

कणकेचा चॉकलेट-केळी केक

साहित्य : कणीक १२० ग्रॅम, कोको पावडर ३ सपाट मोठे चमचे, किसलेला गूळ ६० ग्रॅम, चांगली पिकलेली मध्यम केळी २, ताजे दही १०० ग्रॅम, तेल ३ मोठे चमचे, दूध लागेल तसे, बेकिंग पावडर १ सपाट लहान चमचा, खाण्याचा सोडा पाव लहान चमचा, मीठ चिमूटभर, दालचिनीची पूड किंवा मोसंबीच्या सालीचा कीस.

कृती : कणीक, कोको, बेकिंग पावडर, सोडा व मीठ दोनदा एकत्र चाळावे, म्हणजे सोडा सगळीकडे सारखा मिसळतो. केळी कुस्करून त्यात गूळ, दही व तेल घालून गूळ विरघळेपर्यंत फेटावे. त्यात कोरडे साहित्य घालून हलक्या हाताने मिसळावे. फार घोटू नये, केक चिवट होतो. इडलीच्या पिठाएवढे सैल होईल इतपत दूध घालावे. तेलाचा हात फिरविलेल्या भांड्यात ओतून लगेच भाजावयास ठेवावे. दह्याची आंबट चव आणि सोडा एकत्र आले, की वायूचे बुडबुडे सुटतात आणि त्यानेच केक फुगतो. मिश्रण ठेवून दिले, तर हे बुडबुडे निघून जातात. सोडा जास्त झाला, तर केक साबणासारखा लागतो.

या केकचे बारा तुकडे करावेत. दर तुकड्यात वरून घातलेला गूळ पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा येतो. नेहमीच्या कृतीपेक्षा निम्मा. केळ्याचा गोडवा अर्थातच वेगळा, आणि मधुमेही व्यक्तीने तोही हिशेबात धरावा.

काही ठिकाणी सोड्याऐवजी पोटाच्या तक्रारीसाठी मिळणारे फ्रूट सॉल्ट घालतात. केक फुगतो हे खरे, पण सोडा काय आणि फ्रूट सॉल्ट काय, दोन्हींतून सोडियम पोटात जाते. रक्तदाबाच्या रुग्णांनी प्रमाण सांभाळावे.

कुकर वापरताना

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाचे पातेले आणि घट्ट झाकण पुरते. कुकर वापरायचा असल्यास झाकणाची शिट्टी आणि रबर दोन्ही काढूनच वापरावा. आत पाणी नसते, त्यामुळे रबर करपते, आणि वाफेची वाट बंद राहिली तर धोका असतो. तळाला वाटीभर जाड मीठ पसरावे, वर उलटी ताटली किंवा कड्याचा आधार ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. मग केकचे भांडे ठेवून आच मंद करावी. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांनी स्वच्छ विणकामाची सुई किंवा सुरीचे टोक मध्यभागी खुपसून पाहावे. कोरडे निघाले की केक झाला. कोरडा तापविल्याने कुकरचे आयुष्य कमी होते, म्हणून त्यासाठी जुना कुकर वेगळा ठेवावा.

मुलांना भांडे चाटायला देण्याची सवय सर्वत्र आहे. ती मोडावी. कच्च्या अंड्यात आणि कच्च्या पिठातही जुलाबाचे जंतू असू शकतात. भाजल्यावर ते मरतात, चाटताना नव्हे.

भाजल्याशिवाय : खजूर-शेंगदाण्याचे लाडू

बी काढलेला खजूर १५० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे १०० ग्रॅम, भाजलेले तीळ २ मोठे चमचे, कोको २ मोठे चमचे. शेंगदाणे जाडसर कुटावेत. खजूर कोमट करून मळावा, त्यात बाकीचे मिसळून अठरा लहान लाडू वळावेत. साखर, गूळ, तूप काहीच लागत नाही. शेंगदाण्यातून प्रथिने मिळतात, तिळातून चुना म्हणजे कॅल्शियम मिळते. मुलाला एका वेळी एक लाडू पुरे. काळपट पडलेले, खवट किंवा बुरशी धरलेले शेंगदाणे निवडून फेकून द्यावेत. त्या बुरशीचे विष यकृताला अपाय करते आणि भाजल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. पाच वर्षांच्या आतील मुलांना दाण्याचे तुकडे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांच्यासाठी बारीक कूट वापरावे.

रक्तवाढीसाठी चॉकलेट नव्हे

‘कोकोत लोह असते, म्हणून चॉकलेटने रक्त वाढते’ असे अलीकडे ऐकू येते. कोकोत लोह असते हे खरे. परंतु चहाप्रमाणेच कोकोतही असे घटक असतात, की जे अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत आणि पाच वर्षांखालील दोन-तृतीयांश मुलांत रक्तक्षय आढळला. अशा स्थितीत चॉकलेटवर भिस्त ठेवणे परवडणारे नाही. शाळेतून मुलामुलींना दर आठवड्याला मिळणारी किंवा गरोदर स्त्रियांना मिळणारी लोहाची गोळी चहा, दूध वा चॉकलेटबरोबर घेऊ नये. त्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. मेथी, राजगिरा, बाजरी, कडधान्ये आणि जोडीला लिंबू, आवळा, पेरू किंवा मोसंबी हाच रक्तवाढीचा मार्ग. ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते.

आणखी काही सूचना

गोड पदार्थ जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच द्यावा. दिवसभर थोडा थोडा चघळला, तर दातांवरील जंतूंना सतत खुराक मिळतो आणि कीड लागते. रात्री झोपताना चॉकलेट देऊच नये, दिले तर दात घासूनच झोपवावे.

कोकोचे लोणी साधारण ३४ अंशांना वितळते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. त्यामुळे चॉकलेट वितळून पुन्हा घट्ट झाले, की त्यावर पांढुरका थर येतो. तो बुरशीचा नसून स्निग्धांशाचा असतो, आणि खाण्यास अपाय नाही. कापसासारखी तंतुमय वाढ दिसली किंवा कुबट वास आला, तर मात्र टाकून द्यावे. टाकताना एक काळजी घ्यावी. कोकोतील एक घटक कुत्र्यांना विषासमान आहे, म्हणून दारच्या कुत्र्याला चॉकलेटचे उरलेसुरले घालू नये.

अनेक भगिनी आता घरी केक व चॉकलेट करून विकतात. कुटुंबाला हातभार लावणारा हा चांगला उद्योग आहे. त्यांनी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी, डब्यावर केल्याची तारीख लिहावी आणि शेंगदाणा, काजू, दूध, अंडे, गहू यांपैकी काय घातले आहे ते स्पष्ट नमूद करावे. काहींना शेंगदाण्याची तीव्र वावडी असते, आणि अशा माणसाला एक तुकडाही जिवावर बेतू शकतो. ‘शुगर फ्री’ असे लिहून गूळ किंवा खजूर घालू नये. ते वाचून मधुमेही विश्वासाने खातो आणि त्याची साखर वाढते.

मधुमेही व्यक्तीने केक कधीच खाऊ नये, असे नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने, साखर ताब्यात असेल तर, जेवणातील अर्धी भाकरी कमी करून एखादा लहान तुकडा घेता येतो. परंतु तो लपून किंवा आग्रहाखातर घेऊ नये.

सणावाराचा पदार्थ सणावारालाच शोभतो. महिन्यातून एक-दोनदा, निम्म्या गोडाचा, लहान तुकड्याचा आणि आपल्याच शिवारातील फळ घातलेला केक मुलांना जरूर करून द्यावा. मळताना, मोजताना त्यांना जवळ बसवावे आणि साखरेचा चमचा त्यांच्याच हाती देऊन मोजायला लावावे. किती गोड आपल्या पोटात जाते, हे एकदा स्वतः मोजलेले मूल पुढे सहसा विसरत नाही.